ओंकार हॅलो म्हणत नाही

ओंकार फोन उचलतो, पण हॅलो म्हणत नाही. नुसता श्वास घेतो. समोरचा आधी बोलला, आवाज ओळखीचा निघाला, मागचा रहदारीचा गोंगाट खरा वाटला, की मग हा "बोला" म्हणतो. कारण विचारलं तर सांगतो, "काका, तुमचं एक हॅलो त्यांना बास आहे. तेवढ्यावरून ते तुमचा अख्खा आवाज तयार करतात आणि तुमच्या बहिणीकडं पैसे मागतात." मी मागितले तर माझी बहीण पैसे देईल, हा त्याचा विश्वास भाबडा आहे, पण ते असो. घोटाळा असा झालाय की ही शिकवण त्यानं वर्गातल्या सगळ्या पोरांना दिली. आता त्याला मित्राचा फोन आला की दोन्हीकडून श्वासच चालतात. मिनिटभरानं दोघंही फोन ठेवतात आणि मेसेज करून एकमेकांना विचारतात, "काय काम होतं?"

वय वीस. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या तीनमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. कॉलेजात जाईपर्यंत जिन्यात क्रिकेट खेळणं आणि ट्यूबलाइट फोडणं यापलीकडं या पोराचा कुणाला उपद्रव नव्हता. मग ऑक्टोबरात, म्हणजे सायबर सुरक्षा जागृतीचा महिना पाळतात तेव्हा, कॉलेजात पोलिसांची कार्यशाळा झाली. शेवटी प्रश्नमंजूषा झाली, तीत हा पहिला आला आणि 'सायबर वॉरियर' असं छापलेलं प्रमाणपत्र घेऊन घरी आला. त्या समारंभाचा फोटो त्यांच्या हॉलमध्ये गणपतीच्या खाली लावलाय. मध्ये पोलीस निरीक्षक, शेजारी ओंकार, दोघांच्या हातात प्रमाणपत्राचं एकेक टोक, आणि कडेला प्रमाणपत्रांचा ट्रे धरून उभे असलेले एक हवालदार, अर्धे फ्रेमच्या बाहेर. दुसऱ्या दिवसापासून आमच्या इमारतीत कुणाचा फोन त्याच्या मालकाचा राहिला नाही.

सुरुवात घरापासून झाली. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यानं तपकिरी चिकटपट्टी लावली, तोवर ठीक होतं. त्याच ओघात वडिलांच्या मोबाइललाही लावली, पुढं आणि मागं. वडील महाबळेश्वरला जाऊन आले. वेण्णा लेक, आर्थर सीट, घोड्यावरची आई, सगळे फोटो एकसारखे तपकिरी. ओंकार म्हणाला, "बघा पप्पा, कुणालाच काही दिसलं नाही."

वडील साखर कारखान्यात हिशेबनीस. त्यांचा सगळीकडं एकच पासवर्ड होता, कुलदैवताचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. ओंकारनं तो बदलून सोळा अक्षरांचा केला, त्यात मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे आणि असली चिन्हं की ती कीबोर्डवर कुठं असतात हे वडिलांना अजून सापडलेलं नाही. वडिलांनी तो चिठ्ठीवर लिहून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवला. ओंकारनं चिठ्ठी फाडली. तेव्हापासून त्यांचं प्रॉव्हिडंट फंडाचं खातं उघडलेलं नाही. ओंकारच्या मते ते आता शंभर टक्के सुरक्षित आहे. प्रत्यक्ष मालकाला आत जाता येत नाही, तिथं चोराची काय कथा!

आवाजाच्या नकलेवर उपाय म्हणून घरात एक सांकेतिक शब्द ठरला. 'कडबोळी.' संकटात घरच्या कुणाचाही फोन आला तर आधी हा शब्द विचारायचा, मगच मदत. पुढं आई एकदा स्वारगेटला रात्री उतरली आणि गर्दीत तिची पर्स गेली. बिचारीनं कुणाच्या तरी फोनवरून घरी फोन लावला. अनोळखी नंबर, रडवेला आवाज, पैसे पाठव ही मागणी. कार्यशाळेत सांगितलेली तिन्ही लक्षणं हजर. ओंकारनं शांतपणे शब्द विचारला. आईला चकली आठवली, अनारसा आठवला, कडबोळी काही आठवेना. मग तिनं त्याच्या जन्मापासून दुसऱ्या सेमिस्टरच्या निकालापर्यंतचा जो जाहीर आढावा घेतला, तो ऐकून ओंकारनं पैसे पाठवले. "एवढी माहिती डार्क वेबवर पण नसते," तो मला नंतर म्हणाला.

आजीला मात्र तो काही शिकवत नाही. आजीकडं बटणांचा फोन आहे. मध्यंतरी कुणीतरी तिला 'तुमचं कार्ड बंद होतंय' म्हणून फोन केला. आजीनं त्याला गाव विचारलं, आईवडील असतात का विचारलं, लग्न का रखडलं ते विचारलं, आणि जेवला नसशील तर आधी जेव म्हणाली. फोन त्यानंच ठेवला.

घर संपल्यावर मोहीम जिन्यात आली. प्रत्येक मजल्यावर ओंकारनं स्केचपेननं मोठ्ठे आकडे लिहून कागद डकवले: १९३०. खाली काहीच नाही. गूढ वाढवायचं म्हणून नव्हे, शाई संपली म्हणून. आमच्याकडं तळमजल्यावर इतिहासाचे निवृत्त मास्तर राहतात. ते त्या कागदापुढं काठी टेकून थांबले आणि म्हणाले, "वा! बिळाशीचा जंगल सत्याग्रह. पोरांच्या लक्षात आहे म्हणायचं." मग ओंकार वर जायला निघाला की मास्तर त्याला थांबवून शिराळा तालुक्यातल्या त्या सत्याग्रहाची हकिकत सांगू लागले आणि ओंकार मास्तरांना सांगू लागला की हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय नंबर आहे, पैसे गेले की रडत बसायचं नाही, तासाभरात फोन करायचा, म्हणजे पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता येतात. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही, पण दोघांचंही बोलून झालं. मास्तर आता तो नंबर कधीच विसरणार नाहीत. सरकारनं हा आकडा ठरवताना असा काही विचार केला असेल असं मला वाटत नाही.

लग्नसराईत तर त्यानं कहर केला. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते, ती उघडली की फोनमध्ये भलतंच ॲप बसतं आणि ओटीपी परस्पर चोराला जातात, हे खरं आहे आणि अनेकांचे पैसे त्यात गेलेत. ओंकारनं घरातल्या सगळ्यांच्या फोनवर आलेल्या पत्रिका, साखरपुड्याची आमंत्रणं, बारशाचे गुलाबी फुगे, सरसकट उडवून टाकले. त्यात कवठे महांकाळच्या सख्ख्या मावसभावाचं लग्न गेलं. ती साधी पीडीएफ होती. मावशी अजून बोलत नाही. ओंकारचं म्हणणं, तिनं पोस्टानं पाठवायला हवी होती. वीस वर्षांचा मुलगा पोस्टाचा पुरस्कार करताना मी पहिल्यांदा पाहिला.

त्याला गुन्ह्यांचा इतिहासही पाठ आहे. आमच्या पिढीतली माणसं सुरतेची लूट ज्या चवीनं सांगत, त्या चवीनं तो पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला सांगतो. ऑगस्ट २०१८. व्हायरस सोडून बँकेची यंत्रणाच बाजूला सारली, २८ देशांतल्या एटीएममधून कार्डं घासून पैसे काढले, उरलेले हाँगकाँगच्या खात्यात वळवले, एकूण ९४ कोटी. शेवटचा आकडा सांगताना त्याचा आवाज किंचित भरून येतो. दुःखानं की आदरानं, ते कळत नाही. कायद्यात मात्र तो जरा मागं आहे. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी वाकडं लिहिलं की "सहासष्ट ए लागेल हां" अशी धमकी देतो. ते कलम सुप्रीम कोर्टानं मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय. फेसबुकवरच्या एका पोस्टपायी पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये अटक झाली होती, तेच हे कलम. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी त्याला हे सांगितलं. त्यानं वकिलांचा डीपी बारकाईनं पाहिला आणि विचारलं, "हे तुम्हीच बोलताय कशावरून?"

वकील समोर उभे होते.

त्याला हसणं सोपं आहे, पण एका बाबतीत मी पूर्णपणे ओंकारच्या बाजूचा आहे. खरे मेसेज इतके खोटे दिसतात की माणसानं करावं काय? 'प्रिय ग्राहक, तात्काळ केवायसी करा, अन्यथा खाते गोठवले जाईल', खाली अर्धवट इंग्रजी आणि लिंक. हा चोराचा असू शकतो आणि बँकेचाही. चोराचं शुद्धलेखन बऱ्याचदा बरं असतं. ओंकारनं मला खुणा शिकवल्यात: पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एस असेल तर सेवेचा मेसेज, पी असेल तर जाहिरात, टी असेल तर व्यवहाराचा, जी असेल तर सरकारचा. बँकेचा खरा कॉल १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरवरून येतो. ही माहिती उपयोगाची आहे आणि मी ती लिहून ठेवलीय. कागदावर. त्यानं तो अजून फाडलेला नाही.

पण हा पहारेकरी सगळ्यांच्या दारात उभा असताना त्याच्या स्वतःच्या घराचं दार सताड उघडं असतं. त्याच्या फोनचा पॅटर्न त्याच्या सगळ्या टोळक्याला ठाऊक आहे. "आमच्यात काय लपवायचं?" कोल्हापूरला पिक्चरला गेला की निघताना स्टोरी, पोचल्यावर स्टोरी, स्नॅपच्या नकाशावर तो स्वतः टोपी घालून नाचत असतो. लायसन्स मिळालं त्या दिवशी लायसन्सचा फोटो टाकला, नंबरासकट. मी म्हटलं, "अरे, हे चालतं का?" तर म्हणाला, "ते क्लोज फ्रेंड्सला आहे, काका." क्लोज फ्रेंड्स तीनशेबारा होते.

कार्यशाळेत जे गुन्हे सांगितले ते सगळे मोठ्यांचे होते. वीज कापण्याचा मेसेज, पेन्शनचा दाखला, पार्सलमध्ये सापडलेले अमली पदार्थ, आणि ती डिजिटल अरेस्ट, जी कुठल्याच कायद्यात नाही हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं. पोरांसाठी टाकलेला गळ वेगळा असतो. तो दरडावत नाही. तो 'भावा' म्हणतो. घरबसल्या व्हिडिओ लाइक करायचे, इंटर्नशिपची नोंदणी फी भरायची, गेममधली नाणी निम्म्या दरात घ्यायची. तो मोडक्या हिंदीत फोन करत नाही, टेलिग्रामवर यांच्याच भाषेत बोलतो. आणि भीती दाखवण्याऐवजी पैसे देतो.

तसे ते पप्प्याला मिळाले. पप्प्या म्हणजे ओंकारचा जिवलग मित्र, हॉस्टेलवर राहतो, खिसा कायम रिकामा. त्याला कुणीतरी भेटला आणि म्हणाला, तुझं झिरो बॅलन्सचं खातं पडूनच आहे ना, आम्हाला वापरायला दे, गेमिंगचा धंदा आहे, महिन्याला पाच हजार भाडं. पप्प्यानं एटीएम कार्ड, चेकबुक आणि नवं सिम देऊन टाकलं. जाता जाता त्या माणसानं खात्याला जोडलेल्या ईमेलचा पासवर्ड मागितला. पासवर्ड म्हटल्यावर पप्प्याला धाकधूक वाटली आणि तो सल्ल्यासाठी ओंकारकडं आला.

ओंकार हादरला. कशानं, तर पासवर्ड 'पप्प्या' आणि पुढं एक-दोन-तीन असा होता म्हणून. मित्राला त्यानं भरपूर झापलं. सोळा अक्षरांचा नवा पासवर्ड घालून दिला. टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं. उद्या पासवर्ड विसरलास तर, म्हणून रिकव्हरीला स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. आणि वर एक व्यवहारी सल्ला दिला, "भाडं रोख घेऊ नकोस. यूपीआयनं घे. पुरावा राहतो."

पुरावा राहिला.

दोन महिन्यांनी ओंकारला फोन आला. तो श्वास घेत राहिला. पलीकडचा माणूस म्हणाला, "पोलीस स्टेशनातनं बोलतोय. तुमच्या नंबराविषयी चौकशी करायची आहे." ओंकारच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो त्याच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे बारावीच्या निकालालाही नव्हता. ज्याची इतके महिने वाट पाहिली तो चोर शेवटी आला होता. त्यानं रेकॉर्डिंग सुरू केलं. "साहेब, मला व्हिडिओ कॉलवर अटक करा ना, आंघोळ करून बसू का?" पलीकडचे म्हणाले, "अरे बाळा, नीट ऐक." "पार्सलमध्ये काय सापडलं, साहेब? चिरमुरे का?" अशी सात मिनिटं गेली. संध्याकाळी त्याचं रील झालं, 'स्कॅमरची वाट लावली', मागं ढोलताशा. कॉलेजभर फिरलं. नंतर त्याच नंबरावरून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा त्यानं ठेवून दिला आणि संचार साथीच्या 'चक्षू'वर त्या नंबराची तक्रार केली.

मग हवालदार स्वतः आले. भर दुपारी, मोटारसायकलवरून, बगलेत प्लास्टिकची फाइल. दार आजीनं उघडलं, आधी पाण्याचा तांब्या दिला आणि मग कोण म्हणून विचारलं. ओंकार आतून आला आणि त्यानं ओळखपत्र मागितलं. हवालदारांनी दिलं. त्यानं ते उजेडाकडं धरलं, तिरकं केलं, नखानं खरवडलं. म्हणाला, "स्टेशनचा नंबर तुम्ही सांगू नका, मी सरकारी वेबसाइटवरून काढतो." काढला, लावला. पलीकडून उत्तर आलं, "ते हवालदार? ते बाहेर गेलेत. विश्रामबागेत एक पोरगं फोन उचलंना म्हणून."

एवढ्यानंही भागलं नसतं, पण हवालदारांची नजर भिंतीवर गेली. ते उठले, गणपतीखालच्या फोटोपाशी गेले आणि कडेला ट्रे धरलेल्या अर्ध्या माणसावर बोट ठेवलं.

"ह्यो मी," ते म्हणाले. "आणि तुझं रील बघितलं मी. माझ्या पोरीनं दाखवलं. आवाज माझा चांगला आलाय."

आरडाओरडा ऐकून मी वर गेलो होतो, म्हणजे आरडाओरडा ओंकारच्या आईचा. हवालदार मात्र चहा पीत समजावून सांगत होते. परराज्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना कुणीतरी तीन दिवस फोनवर 'अटकेत' ठेवलं होतं. त्यांच्या पैशांतले काही पप्प्याच्या खात्यातून पुढं गेले. पप्प्याचं खातं गोठवलंय, त्याची चौकशी चाललीय, वकील शोधावा लागेल. त्या खात्याच्या ईमेलला रिकव्हरी नंबर कुणाचा, तर ओंकारचा. म्हणून साक्षीदार म्हणून ही नोटीस. ती कागदावर आणून द्यावी लागते. व्हॉट्सॲपवर चालत नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्येच बजावलंय.

ओंकार नोटिशीकडं बघत होता. "पण साहेब, पप्प्याचे पैसे कुठं गेले? त्याला तर पैसे येत होते!"

ते तो कळवळून म्हणाला, आणि मला त्याचं हसू आलं नाही. पैसे कसकसे जातात याच्या तीस तऱ्हा त्याला पाठ होत्या. पैसे येतात तेव्हा ते दुसऱ्या कुणाचे तरी गेलेले असतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सगळी सावधगिरी आपल्या खिशापुरती शिकवली की असंच होतं. त्यानं पप्प्याच्या खात्याला मनापासून कुलूप लावून दिलं होतं. आत कोण बसलंय हे बघायचं राहिलं.

"तुमच्या त्या कार्यक्रमात हे नव्हतं," ओंकार म्हणाला.

"होतं," हवालदार म्हणाले. "शेवटची स्लाइड. तवर बक्षीस समारंभ सुरू झाला."

सोमवारी सकाळी अकराला वडिलांना घेऊन यायचं ठरलं. रील काढून टाकू का, असं ओंकारनं विचारलं. राहू दे, पोरगी म्हणते व्ह्यूज चांगले आहेत, असं उत्तर आलं. हवालदार उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. जरा घुटमळून त्यांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला.

"हे बघ रे जरा. बँकेचा म्हणून आलाय. केवायसी करा म्हणतोय. खरा का खोटा?"

ओंकारच्या अंगात जीव आला. त्यानं पाठवणाऱ्याच्या नावाचं शेवटचं अक्षर पाहिलं, लिंकवर बोट न लावता लिंक वाचली, आणि म्हणाला, "हा सोडा, बँकेतच जाऊन विचारा. आधी सांगा, तुमचा यूपीआय पिन सोपा नाही ना? जन्मतारीख वगैरे?"

"छ्या! तेवढं कळतं मला. कुणाला सुचणार नाही असा ठेवलाय." हवालदार त्याच्या कानाशी वाकले, पण आवाज परेड मैदानावरचा. "बक्कल नंबर."

ओंकारनं हातातली नोटीस वळवून त्यांच्यापुढं धरली. खाली सही होती, सहीखाली हवालदारांचं नाव, आणि नावापुढं गोल शिक्क्याच्या आत, ठळक, चार आकडे.